पानात गोड, पेल्यात गोड

साशंक : गोड वाइनविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे, ती आधीच सांगून टाकतो. साखर ही झाकणारी वस्तू आहे. फळ कच्चे असो, दूध पातळ असो, चहाची पूड निकृष्ट असो, साखर वाढवली की जिभेची निम्मी तक्रार मिटते. वाइनला वेगळा न्याय का लावायचा? १९८५ साली ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघडकीस आले. पातळ, स्वस्त वाइनला उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या महाग वाइनसारखा गोडवा आणि भरदारपणा यावा, एवढ्यासाठी हा विषारी पदार्थ वापरला होता. गोडव्याआड तो खपून जाईल, हा त्यांचा हिशेब होता आणि काही काळ तो बरोबरही ठरला. आपल्याकडे गोव्यात ‘पोर्ट’ या नावाने जी लालभडक, गोडमिट्ट वाइन पिढ्यानपिढ्या विकली जाते, तिचा पोर्तुगालमधल्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. नवशिक्याला गोड वाइन चटकन आवडते आणि जीभ तयार झाली की तो ड्राय वाइनकडे वळतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे. मग जाणकार मंडळी जेवणाच्या शेवटी पुन्हा गोडाकडे का येतात आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे का मोजतात?

रसिक : वरून घातलेल्या साखरेला तुमचे म्हणणे पूर्ण लागू पडते. पण ज्या गोड वाइनसाठी लोक पैसे मोजतात, तिच्यात साखर घातलेली नसते. द्राक्षातले पाणी काढलेले असते. बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा लहानसा प्रदेश आहे. तिथे सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोन या मोठ्या आणि त्या मानाने उबदार नदीला मिळते. शरद ऋतूत त्या भागात पहाटे धुके धरते आणि दुपारी ऊन पडून विरते. धुक्याच्या ओलीत बोट्रायटिस नावाची बुरशी सेमियों जातीच्या मण्यांवर चढते आणि त्यांच्या सालीला बारीक छिद्रे पाडते. मग दुपारच्या उन्हात त्या छिद्रांतून पाणी उडून जाते. ऊन पडलेच नाही तर तीच बुरशी घड सडवते. सगळे मणी एकाच वेळी सुकत नाहीत, म्हणून तोडणीची माणसे त्याच ओळींतून पाच-सहा वेळा फिरतात आणि तयार झालेले तेवढेच मणी खुडतात. शातो दिकेम या बागेत एका वेलीमागे सुमारे एक ग्लास वाइन निघते असे मानतात. आपल्या बागायतदाराला हा हिशेब परवडण्यापलीकडचा वाटेल, आणि तो तसा आहेच.

आता झाकण्याचा मुद्दा. पाणी उडते तेव्हा साखर दाटते, वास दाटतो आणि दोषही दाटतात. घडात चार मणी वाईट कुजलेले आले तर ती कुबट चव शेवटपर्यंत जात नाही. म्हणून २०१२ साली दिकेमने आपली गोड वाइन बाजारात आणलीच नाही. १९७२, १९७४ आणि १९९२ या वर्षीही आणली नव्हती. बोर्दोच्या १८५५ च्या वर्गवारीत सोतेर्नमधली सर्वांच्या वरची पायरी या एकट्या बागेला मिळाली. साखरेने दोष झाकता आले असते, तर अख्ख्या वर्षाचे उत्पन्न सोडून देण्याची वेळ तिच्यावर आली नसती.

साशंक : सोडलेल्या वर्षांचा पुरावा मला मान्य आहे. पण कष्ट आणि चव या दोन गोष्टी तुम्ही नकळत एकत्र बांधता. मणी-मणी खुडला म्हणून रस श्रेष्ठ ठरत नाही. त्याने किंमत समजते, गुण समजत नाही. मी आकड्यावर येतो. सोतेर्नच्या एका लिटरमध्ये साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते. बाजारातल्या कोलाच्या लिटरमध्ये शंभर-एकशेदहा ग्रॅम असते. म्हणजे हा राजेशाही रस साखरेच्या बाबतीत कोलाच्या पुढेच आहे. तुमच्याकडे याला उत्तर काय?

रसिक : हा आकडा तुम्ही आणलात हे बरे झाले, कारण त्यातच माझे उत्तर आहे. शंभर ग्रॅम साखर साध्या पाण्यात विरघळवून पिऊन बघा, दोन घोटांत मळमळेल. कोला पिववतो तो त्यातल्या आम्लामुळे, थंडपणामुळे आणि बुडबुड्यांमुळे. वाइनमध्ये ते काम द्राक्षाचे स्वतःचे आम्ल करते. आमटीत गूळ घातलाय हे आपल्याला चिंचेमुळे कळत नाही आणि चिंच घातलीय हे गुळामुळे बोचत नाही, तसाच हा तोल आहे. म्हणून गोड वाइन निवडताना ‘किती गोड आहे’ हा प्रश्न मी दुसरा विचारतो. पहिला प्रश्न, तिच्यात आंबटपणा किती शिल्लक आहे? याची परीक्षा घरी कुणालाही करता येते. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटले तर वाइन तोलाची. घोट गिळल्यावर पाणी प्यावेसे वाटले तर ती नुसती गोड.

या कसोटीवर मी जगातल्या गोड वाइन लावतो तेव्हा त्यांचा क्रम नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळा लागतो. सगळ्यात वर मला हंगेरीची तोकाय दिसते. तिथे फुरमिंट नावाचे द्राक्ष आहे आणि त्याचे आम्ल धारदार असते. बुरशीने सुकलेले मणी वेगळे वेचतात, ते ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालतात आणि मग पिळतात. पूर्वी एका पिंपात अशा मण्यांच्या किती टोपल्या घातल्या यावरून वाइनचा दर्जा मोजत. त्या टोपलीला पुत्तोन्य म्हणतात आणि पाच-सहा पुत्तोन्योश असे आकडे बाटलीवर अजूनही दिसतात. आजच्या नियमाने अशा मण्यांच्या तोकायमध्ये, म्हणजे तोकाय असूमध्ये, लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते, म्हणजे ती सोतेर्नइतकीच गोड, पण प्यायल्यावर जीभ स्वच्छ राहते. जर्मनी आणि कॅनडाची आइसवाइन याच पंक्तीतली. तिथे घड वेलीवरच गोठू देतात, उणे सात-आठ अंशांत तोडतात आणि गोठलेलेच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते, दाट रस तेवढा बाहेर येतो. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या शेनिन ब्लांच्या गोड वाइन आंबटपणामुळेच अनेक दशके टिकतात. दुसऱ्या टोकाला स्पेनची पेद्रो हिमेनेझ. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, लिटरमागे चारशे ग्रॅमच्या घरात साखर असलेली, काळीभोर. ती प्यायची म्हणण्यापेक्षा व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओतायची वस्तू आहे, आणि तिथे ती मला फार आवडते.

साशंक : तोंडाला पाणी सुटण्याची कसोटी मी स्वीकारतो. ती खर्चिक नाही आणि जाणकारांच्या शब्दांवर अवलंबून नाही. आता तुमच्याच लोकांचा एक नियम घेतो. डेझर्ट वाइन ही शेजारच्या गोड पदार्थापेक्षा अधिक गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि फिकी लागते, असे जवळजवळ प्रत्येक पुस्तक सांगते. हा नियम फ्रेंच टार्टसाठी ठीक आहे. तो आपल्या स्वयंपाकघरात आणा. श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते. म्हणजे वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या पुढेच. सोतेर्नमध्ये तेरा-चौदा टक्के. जिलबी, गुलाबजाम तर पाकात बुडालेले. फार कशाला, पिकलेल्या हापूसचा रससुद्धा साखरेच्या मापात सोतेर्नला मागे टाकतो. तुमच्या नियमाने आमच्या गोडाशेजारी बसू शकेल अशी वाइन पेद्रो हिमेनेझच, आणि ती तुम्ही आइस्क्रीमवर ओतून टाकलीत.

आणि अडचण फक्त गोडीची नाही, क्रमाचीही आहे. डेझर्ट वाइन ही ज्या जेवणासाठी घडली त्यात गोड शेवटी येते. आपल्या पारंपरिक पानात गोड पहिल्यापासून वाढलेले असते. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, जिलबीबरोबर मठ्ठा, श्रीखंडाबरोबर पुरी आणि बटाट्याची भाजी. तिखट, आंबट, गोड असे आलटून पालटून खातात, आणि जेवणाचा शेवट दहीभाताने किंवा ताकभाताने होतो. या पानात डेझर्टची जागाच नाही. मग डेझर्ट वाइन कुठे ठेवणार?

रसिक : तुमचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि आपल्या हॉटेलांतल्या मेनूंवर गुलाबजामशेजारी लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, वाइन छापणाऱ्यांनी तो ऐकावा असे मला वाटते. आपल्या गोडाबरोबर गोड वाइन देऊ नये. त्यात दोघांचेही नुकसान आहे. गुलाबजामनंतर सोतेर्नचा घोट घेतला तर हजारो रुपयांची वाइन लिंबाच्या पाण्यासारखी लागते.

पण ज्या प्रदेशांत या वाइन होतात तिथली माणसे तरी त्या गोडाबरोबर पितात का? बोर्दोत सोतेर्न जेवणाच्या सुरुवातीला बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताबरोबर येते, आणि शेवटी रोकफोर या निळ्या, खारट चीजबरोबर. इंग्लंडात पोर्ट आणि स्टिल्टन चीज ही नाताळची जोडी आहे. यकृत तेलकट, चीज खारट. गोड वाइनची खरी सोयरीक मीठ आणि स्निग्धता यांच्याशी आहे. गोडाशेजारी तिला स्पर्धा करावी लागते, खाऱ्याशेजारी तिचा गोडवा मोकळा होतो. हे लक्षात घेतले की आपल्या घरातही तिला जागा सापडते. तुपात परतलेले खारे काजू, भाजलेले बदाम, पुरंदरचे सुके अंजीर यांच्याबरोबर वीस वर्षे पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट चांगली जाते. कुरकुरीत अळूवडीबरोबर तोकाय मी स्वतः पुन्हापुन्हा घेतली आहे. बेसनाचा खमंगपणा, वर खोबरे, आत चिंच-गूळ, आणि वाइनमध्येही तसाच आंबट-गोड तोल. डेझर्ट हे नाव सोडून द्या, पाहुणे आल्यावर जेवणाआधी बशीभर खाऱ्याबरोबर ती द्या. निळे चीज मोठ्या शहरांत आता मिळते, पण त्यावाचून अडत नाही.

साशंक : अळूवडीपर्यंत मी तुमच्याबरोबर आलो. पण आपले खारे बहुतेक वेळा तिखटही असते. तिखटाशेजारी दारू आली की आग वाढते. अल्कोहोल हे मिरचीतल्या तिखट द्रव्याला जे चेतातंतू प्रतिसाद देतात त्यांनाच आणखी हळवे करते. पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के अल्कोहोल. दोरू खोऱ्यात रस अर्धवट आंबला की त्यात ७७ टक्क्यांचे द्राक्षाचे मद्य ओततात. त्याने यीस्ट मरते आणि न आंबलेली साखर तशीच राहते. गोडवा टिकवण्याची ही रीतच मुळी जहाल. कोल्हापुरी रश्श्यासमोर ती ठेवली तर जेवणारा पाण्याचा तांब्या शोधेल.

रसिक : पोर्ट तिथे ठेवू नये, हे खरेच. पण साखर मिरचीला शांत करते आणि अल्कोहोल तिला चेतवते, या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या की तिखटाशेजारी काय हवे ते आपोआप ठरते : गोड, पण कमी अल्कोहोलची वाइन. इटलीच्या पिएमोंतमधली मोस्कातो दास्ती पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बियरइतकीच. थोडी फसफसणारी, गोड, थंड. उशिरा तोडलेल्या जर्मन रीसलिंग द्राक्षांची श्पेटलेझ आठ-नऊ टक्क्यांची असते आणि तिचा आंबटपणा तर विख्यात आहे. भरल्या वांग्यात दाण्याचा कूट आणि गूळ असतो, त्याच्याबरोबर ती मी आग्रहाने देईन. तांबड्या रश्श्याबरोबर मीही वाइन देणार नाही. तिथे सोलकढी आहे आणि तिच्यात सुधारणेला जागा नाही.

साशंक : वाढण्याच्या रीतीविषयी तुमचे म्हणणे काय? पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ असे लिहितात. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे असते.

रसिक : ते वाक्य थंड देशांतल्या दगडी घरांसाठी लिहिलेले आहे, आपण ते विसरावे. गोड वाइन गरम झाली की साखर आणि अल्कोहोल दोन्ही सुटे होऊन पुढे येतात आणि आंबटपणा दबतो. उलट बर्फासारखी थंड केली तर वासच येत नाही आणि मग एवढ्या महाग वाइनचा उपयोग काय? सोतेर्न, तोकाय यांना दहा-बारा अंश चांगले. फ्रीजमधून बाहेर काढून थोडा वेळ ठेवली की आपल्याकडे तेवढे होते. उन्हाळ्यात पेला भरल्यावर ती तापतेच, म्हणून जरा आधीच ओता. मोस्कातो त्याहून थंड. टॉनी पोर्टही आपल्याकडे थोडी गार करूनच द्यावी, बारा ते चौदा अंशांना. पेला लहान असावा, पण बोटभर लिक्युअरचा नसावा. तोंडाशी किंचित आत वळलेला, एक तृतीयांश भरलेला, म्हणजे वास कोंडून नाकापर्यंत येतो. प्रत्येकी साठ मिलिलिटर पुरतात. या वाइन बहुधा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत आणि तोकाय पाचशेच्या बाटलीत मिळते, ते याचसाठी. सहा माणसांना अर्धी बाटली भरपूर झाली.

उरलेल्या बाटलीचे गणित घरी उपयोगी पडते. मोस्कातो दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावी, बुडबुडे गेले की तिच्यात फारसे राहत नाही. सोतेर्न बूच लावून फ्रीजमध्ये आठवडाभर चांगली राहते. व्हिंटेज पोर्ट बाटलीत मुरलेली असते, हवा लागली की दोन-तीन दिवसांत उतरते; टॉनी पिंपात हवेशी जुळवून घेत मुरलेली, म्हणून महिनाभर टिकते. आणि मदेरा तर महिनोन्‌महिने. अटलांटिकमधल्या त्या पोर्तुगीज बेटाची हकिकत आपल्याला जवळची आहे. सतराव्या-अठराव्या शतकात भारताकडे येणाऱ्या जहाजांवर तिथली पिंपे चढत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या तळातल्या उकाड्याने आणि हेलकाव्यांनी वाइन बिघडेल असे वाटत होते, ती सुधारून परतली. मग मुद्दाम पिंपे भारताची फेरी करून आणू लागले आणि अशा फेरीच्या वाइनला चढा भाव मिळू लागला. पुढे जहाजाचा खर्च टाळण्यासाठी बेटावरच वाइन तापवण्याच्या रीती निघाल्या. जी वाइन उष्णतेनेच घडली आहे तिला आमचा मे महिना काय करणार? ज्या घरी वाइनसाठी वेगळा कपाट-फ्रीज नाही, अशा घरी पहिली गोड वाइन म्हणून मी मदेराच सुचवीन. तिच्यातही आंबटपणा भरपूर असतो. गोडातली गोड माल्मसीसुद्धा तोंड बांधत नाही.

साशंक : एका गोष्टीवर आपण दोघेही गप्प आहोत. साखर आणि अल्कोहोल एकाच पेल्यात, आणि तेही मधुमेह घरोघरी असलेल्या समाजात. शिवाय पोर्ट वाइनने रक्त वाढते, बाळंतिणीला द्यावी, अशी समजूत आपल्याकडे ऐकू येते. गोड आहे म्हणून ती औषधासारखी, बायकांना आणि म्हाताऱ्यांना चालणारी, असे धरून लोक पितात. ड्राय वाइनला निदान कोणी टॉनिक समजत नाही. गोडवा दारूचे दारूपण विसरायला लावतो, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि तो चवीच्या पलीकडचा आहे.

रसिक : या आक्षेपाला मी वळसा घालणार नाही. पोर्ट हे टॉनिक नाही; वीस टक्के अल्कोहोल असलेली ती चांगलीच कडक दारू आहे, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला ती आग्रहाने पाजणे चूक आहे. साठ मिलिलिटर सोतेर्नमधून सुमारे आठ ग्रॅम साखर जाते, म्हणजे दोन लहान चमचे, आणि साडेआठ मिलिलिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. एका गुलाबजामपेक्षा साखर कमी आहे, असे म्हणून मी तुम्हाला गप्प करू शकतो, पण करणार नाही, कारण गुलाबजाम खाऊन झाल्यावर पुन्हा हा पेला आला तर बेरीजच होते. ज्याला साखर वर्ज्य त्याला ही वाइन वर्ज्य. बाकीच्यांसाठी ती गोडाच्या ऐवजी असावी, गोडाबरोबर नसावी. चवीच्या हिशेबाने मी मघाशी तेच सांगितले होते, आता आरोग्याच्या हिशेबानेही तेच निघते. प्रमाण पाळायला साठ मिलिलिटरचा पेला मदत करतो, हमी देत नाही. तुमचा आक्षेप उरतो, तो मी पुसू शकत नाही.

साशंक : मग तो तसाच राहू द्या. आता मी थोडा तुमच्या बाजूला येतो, कारण पुढचा प्रश्न शेतीचा आहे आणि तिथे मला तुमच्यापेक्षा जास्त आशा आहे. आयात वाइनवर अनेक वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिले, वर राज्याचे कर. तोकाय आणि सोतेर्नची चर्चा आपल्याकडे थोड्याच घरांपुरती राहणार. पण द्राक्ष तर आपले आहे. ल्वारमध्ये ज्याच्या गोड वाइन होतात ते शेनिन ब्लां नाशिकला चांगले रुजले आहे आणि तिथल्या काही वायनरी त्याची लेट हार्वेस्ट काढतातही. आणि द्राक्ष सुकवण्याची कला कोणाला शिकवायची? तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या शेडमध्ये दर हंगामात ती चालते. इटलीतले तोस्कानाचे लोक द्राक्षे चटयांवर आणि छताला टांगून सुकवतात, मग त्यांची व्हिन सांतो करतात. आपल्याकडे जाळ्यांचे मजले आहेत, सावली आहे, वारा आहे, माणसे आहेत. शेनिनचे घड त्या जाळ्यांवर पसरायला हरकत काय? बुरशी नको, बर्फ नको. आपल्याला जे येते त्यातून आपली गोड वाइन का होऊ नये?

रसिक : कल्पना मला मोह घालते, पण इथे मला सावध व्हावे लागेल. युरोपात उशिरा तोडणी म्हणजे शरदातून हिवाळ्याकडे जाणे. दिवस थंड होत जातात, वेलीवर राहिलेल्या मण्यात साखर वाढते आणि आम्ल बरेचसे टिकते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गोडी छाटणी होते, वाइनचे द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. निफाडला जानेवारीत कडाक्याची थंडी पडते तोवर ठीक. पण घड आणखी महिनाभर वेलीवर ठेवायचे म्हणजे त्यांना हिवाळ्यातून उन्हाळ्यात ढकलायचे. मार्चमध्ये पारा पस्तिशी गाठतो, आम्ल झपाट्याने उतरते. आपली उशिरा तोडणी म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास आहे. त्यात अवकाळीची धास्ती वेगळीच.

बेदाण्याचेही तसेच. तोस्कानात घड थंड माळ्यावर काही महिने सुकतात, हळूहळू. सांगलीत मणी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून पसरतात, म्हणजे सालीवरचा मेणकट थर मोडतो आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. खाण्याच्या बेदाण्याला हा वेग वरदान आहे. वाइनसाठी तो कितपत चालेल, याची मला शंका आहे. आणि बेदाणा होतो तो मुख्यतः थॉमसन सीडलेससारख्या जातींचा. त्यांत वाइनला लागणारा वास कमी. उष्ण प्रदेशात झटपट सुकवण्याचे उदाहरण आहेच : स्पेनच्या मोंतियामध्ये पेद्रो हिमेनेझ कडक उन्हात अंथरतात. पण आम्ल कमी असल्याने तिथे जे निघते ते मी मघाशी आइस्क्रीमवर ओतले, आणि तेही पिंपांत वर्षानुवर्षे मुरवल्यावर.

साशंक : मग थॉमसन नको, शेनिन घ्या. द्रावण नको, नुसती सावली आणि पंखे घ्या. उन्हाळा उलटा येतो म्हणता, तर उशिरा तोडूच नका. जानेवारीच्या थंडीत, आम्ल भरपूर असताना घड तोडा आणि साखर वेलीवर न वाढवता शेडमध्ये दाटू द्या. पाणी जाईल, आम्ल आणि साखर दोन्ही मागे राहतील. तुमच्याच कसोटीवर हे टिकायला हवे.

रसिक : तत्त्वतः टिकते. कोवळ्या घडात वास पुरता भरलेला नसतो, ही एक भीती. गरम, कोरड्या हवेत मणी फार लवकर सुकून मनुक्याचाच वास पुढे येईल, ही दुसरी. याचे उत्तर चर्चेत नाही, शेडमध्ये आहे. आज मला विचाराल तर नाशिकची लेट हार्वेस्ट ही थंड करून खाऱ्या काजूबरोबर आनंदाने प्यावी अशी वाइन आहे, पण तोकायच्या शेजारी मी ती ठेवणार नाही. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटत नाही.

साशंक : आणि मी म्हणतो, ते सुटेपर्यंत प्रयोग व्हावेत. श्रीखंडाशेजारी ती कधीच बसणार नाही, हे आपले ठरले. दारू आणि साखर एका पेल्यात घेण्याबद्दलची माझी नाराजी तुम्ही काढू शकला नाहीत. ती मनात ठेवूनही नाशिकच्या वायनरींना माझे सांगणे आहे : एक हंगाम दोन-चार क्रेट शेनिन जानेवारीत तोडून सावलीत सुकवून बघा. आणि आज जी गोड वाइन तुम्ही विकता तिच्या लेबलावर लिटरमागे साखर किती आणि आम्ल किती, हे दोन आकडे छापा. घेणाऱ्याला निवड करायला तेवढे पुरेल.